'रन'चे सत्तावन्न अर्थ

चिठ्ठी उघडली तर आत तीनच अक्षरं होती, इंग्रजीतली, आर, यू, एन, आणि ती एकाला एक लावून वाचल्याबरोबर मी चिठ्ठी पुन्हा मिटली. शेजारी हिरासिंग बसला होता, सेनगाव तालुक्यातला, गोरेगावजवळच्या तांड्यावरचा शिक्षक. त्याची चिठ्ठी कोरी निघाली होती आणि नोट खरी की खोटी बघावी तशी तो ती उजेडात धरून बघत होता. चाळीस शिक्षक, एक स्टीलचा डबा, डब्यात चाळीस चिठ्ठ्या, त्यांतल्या सहाच भरलेल्या. ज्याला भरलेली येईल त्यानं उद्या सकाळी सगळ्यांपुढे, गटशिक्षणाधिकारी साहेबांपुढे, आसपासच्या वस्तीतून गोळा केलेल्या सहा वर्षांच्या लेकरांना सहा मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा. दोन हजार सालचा जून होता. हिंगोली जिल्हा होऊन वर्ष झालं होतं, आणि यंदापासून पहिलीपासूनच इंग्रजी, असा हुकूम निघाला होता. त्याच्याच प्रशिक्षणाला आम्ही सगळे, कुणी पंचविशीतले, कुणी निवृत्तीला टेकलेले, पत्र्याच्या हॉलमध्ये घाम पुसत टाळ्या वाजवून इंग्रजी गाणी म्हणत होतो. त्याचं मला काही नव्हतं. टाळ्या मला येतात. कुठंही सप्ताह बसला की मी पोचतो, जीपमध्ये जागा नसली तर मागं लटकून, आणि बैठकीत सगळ्यांत पुढं बसून दोन-दोन तास कीर्तन ऐकतो, टाळी चुकू देत नाही. भीती इंग्रजीचीही नव्हती. भीती अशी होती की मोठ्या माणसांच्या बैठकीपुढं उभं राहून सत्तावीस वर्षांत मी एक वाक्य बोललो नव्हतो. लेकरांपुढं बोलतो, पोटासाठी बोलावंच लागतं. पण पंधरा ऑगस्टला भाषणाची वेळ आली की मी झेंड्याची दोरी बघायला जातो, निरोप समारंभात हारांच्या पिशवीजवळ उभा राहतो. शिरड शहापूरच्या आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे की राधाकृष्ण गुरुजींच्या हातात माईक द्यायचा नसतो.

"काहून पांढरे पडले, गुरुजी?" हिरासिंग म्हणाला.

"रन आलाय."

"एकच? चौका तरी मारायचा की." तो आपल्याच बोलण्यावर मोठ्यानं हसला, मग माझ्याकडं नीट बघितलं आणि हसणं आवरलं. "द्या इकडं. ही कोरी घ्या. मला काय, मी फळ्यापुढं नाचतो बी."

बाकाखालून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. कोरा कागद खिशात गेला आणि मला एकदम हलकं वाटलं, चोरी पचल्यावर वाटत असेल तसं. चोरी म्हणायचं कारण हॉल सुटताना कळलं. प्रशिक्षण देणारा रत्नपाल माझ्याच हाताखालून गेलेला, शिरड शहापूरचा, जळबाचा मुलगा. जळबा दिवसा रोजानं जायचा आणि संध्याकाळी जलशात ढोलकी वाजवायचा. हा पोरगा त्याच्या शेजारी बसून पाठांतर करायचा. आता हायस्कूलला इंग्रजी शिकवतो, सरकारनं निवडून प्रशिक्षणाला पाठवलेला, शर्ट खोचलेला, आणि तरी मी 'सर' म्हटलं की कानाला हात लावणारा. तो दारात आडवा आला. "गुरुजी, रन तुमच्याकडं आलाय ना? मी पाहिलं चिठ्ठी उघडताना." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यानं काखेतलं जाड पुस्तक माझ्या हातात दिलं, इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी, पहिल्या पगारातून घेतलेली, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. "घरी न्या. ते पान एकदा डोळ्यांखालून घाला, मजा येईल. पण शिकवायचा एकच अर्थ. सहा वर्षांच्या लेकराला एकच. तुमच्याकडूनच शिकलोय मी, रन म्हणजे पळणे, दहा वेळा लिहा." तो हसला. खिशात कोरी चिठ्ठी, हातात त्याचं पुस्तक. मी तसाच घरी आलो.

घरी अजून ऊन होतं. ओट्यावर पद्मजा सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी पलीकडच्या खांबाला टेकून पुस्तक उघडलं, ते केवळ उद्या रत्नपालनं विचारलं तर पान पाहिलं एवढं तरी खरं बोलता यावं म्हणून. आर सापडलं, आर यू सापडलं, आणि मग तो शब्द आला आणि संपेचना. एक रकाना झाला, दुसरा झाला, पान उलटलं तरी तोच. प्रत्येक अर्थाला आकडा, आकड्यापुढं तिरप्या अक्षरात एक वाक्य. पहिल्यात माणूस पळत होता, तो माझ्या ओळखीचा. दुसऱ्यात नदी. तिसऱ्यात रस्ता. मग बस, मग यंत्र, मग नळ, मग कुणाचं तरी नाक, धुतलेल्या कापडाचा रंग, दुकान, कारखाना, सरकार, दोन आठवडे चाललेलं नाटक, अंगातला ताप, केसांतून फिरवलेला हात, पाठीच्या कण्यातून गेलेली शिरशिरी. मी बोट ठेवून ठेवून वाचत होतो. माझं इंग्रजी बेताचं, निम्मे शब्द कळत नव्हते, पण वाक्याचं अंग कळत होतं, जसं चाल ओळखीची असली की बोल ऐकू आले नाहीत तरी मान डोलते. बावीस वर्षं मी हा शब्द पोरांच्या हातावर एका खड्यासारखा ठेवत आलो, हा घ्या, पळणे, मिटा मूठ. आणि तो तर जिवंत होता. मुठीत मावणारा नव्हताच. सत्तावन्नावर मी थांबलो, कारण मला धाप लागली होती. खरंच लागली होती, बसल्या जागी.

मला काय आठवलं सांगू? आमचे अण्णा. माझे वडील हरदास होते, औंढ्याच्या देवळात पिढीजात सेवा आणि पंचक्रोशीत कीर्तनं. पूर्वरंगाला, कीर्तनाच्या पहिल्या भागात, ते एक शब्द घ्यायचे. एकच. 'घर' घ्यायचे, नाहीतर 'ऋण', नाहीतर नुसतं 'ये'. तो शब्द आधी ते साधा उच्चारायचे, बाजारात उच्चारतात तसा. मग जरा बाजूनं. मग चिपळी एकदा वाजवून त्याच शब्दाला आईच्या तोंडी घालायचे, मग चोराच्या, मग देवाच्या, आणि तासाभरानं तोच शब्द पुन्हा साधा उच्चारला की पुढं बसलेल्या बायांच्या डोळ्यांना पाणी यायचं. लहानपणी मला वाटायचं, अण्णा शब्दात काहीतरी भरतात. पुढं कळलं की भरत काही नाहीत. आत जे असतं त्याला एकेक करून बाहेर बोलावतात. आणि आता हे पुस्तक मांडीवर घेऊन मला वाटत होतं की ज्या कुणी साहेबानं हे पान लिहिलं तोही कुठल्या तरी थंड देशात खुर्चीवर बसून निरूपणच करत होता, फक्त त्याच्या मागं पेटी नव्हती. देवा, तुझी माणसं कुठं कुठं बसलेली असतात.

"अहो, काय झालं? एकटेच हसून राहिले केव्हाचे."

"पद्मा, इकडे ये. ऐक. आपल्यात दुकान काय करतं?"

"काय करतं म्हणजे? चालतं. नाहीतर बसतं, सदाशेवच्या दुकानासारखं."

"त्यांच्यात पळतं. आपली गिरणी चालते, त्यांची पळते. आपली शाळा चालते, त्यांची पळते. आपल्यात सगळं चालतं बघ, सावकाश, आणि त्यांच्यात सगळं पळतं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. पद्मजाची मला हीच गोष्ट आवडते, तिला एखादी गोष्ट पटली की ती आधी हातातलं काम खाली ठेवते. "अन् नळ?"

"पळतो."

"आपल्याकडं तर टिपकतो बी नाही. अन् साडीचा रंग?"

"तोही पळतो."

"हे मात्र बराबर. माझी मोरपंखी पहिल्याच धुण्यात पळाली." ती सरकून जवळ आली. "अजून?"

"निवडणुकीला आपला माणूस काय करतो?"

"उभा राहतो."

"त्यांचा पळतो."

"अगंबाई! मग मतं कधी मागतो? त्यांच्यात कुणी घडीभर बसतं का नाही हो?" आणि ती अशी हसली की समोरची बाई दारात येऊन बघून गेली. मी सांगत सुटलो. हात वर जाऊ लागले, आवाज आपोआप खालून वर चढू लागला, मी ओट्यावर उठून उभा राहिलो होतो हे मला नंतर कळलं. ताप सांगितला, शिरशिरी सांगितली, रस्ता सांगितला, तो कसा जागचा हलत नाही आणि तरी त्यांच्याकडं गावामधून पळत जातो, आणि आपल्याकडंही तो कुठं तरी 'जातो'च की. मग एकापाठोपाठ एक सांगण्याच्या भरात मी पुढचं वाक्य वाचायला खाली पाहिलं, आणि ते वाचून पुन्हा खांबाला टेकून बसलो. तिथं लिहिलं होतं की गाणं या घराण्यातून वाहत आलंय. म्हणजे इंग्रजीत तेच, पळत आलंय. घराण्यातून, बापाकडून पोराकडं.

अण्णांना जाऊन आठ वर्षं झाली. मी एकोणीस वर्षांचा असताना, त्र्याहत्तर साली, सिद्धेश्वरच्या धरणावरच्या वसाहतीत त्यांचं कीर्तन होतं, मारुतीच्या पारापुढं. धरणाचे मजूर, कालव्यावरचे चौकीदार, माशांच्या टोपल्या खाली ठेवून तशाच बसलेल्या बाया. अण्णा म्हणाले, पूर्वरंगाला आज तू उभा राहा. चार महिने तयारी झाली होती, सगळं पाठ होतं. नमन झालं, चांगलं झालं. शब्द घेतला, पहिलं वाक्य बोललो, दुसरं बोललो, आणि तिसरं गेलं. कसं गेलं ते सांगता येत नाही. विसरलो नव्हतो, ते तिथंच होतं, पण मी त्याच्याकडं बघत होतो आणि ते माझ्याकडं येत नव्हतं. पेटीवाला सूर धरून बसला. एक श्वास झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला अण्णा मागून उठले, माझ्या हातातल्या चिपळ्या अलगद काढून घेतल्या आणि तिसरं वाक्य बोलले. माझंच वाक्य, जसंच्या तसं. कीर्तन पुढं गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही; लोकांना वाटलं हे असंच ठरलेलं असणार, पोरानं सुरुवात करायची आणि बापानं पुढं न्यायचं. अण्णा कधी रागावले नाहीत. त्या विषयावर बोललेच नाहीत. घरी येताना बैलगाडीत त्यांनी माझ्या अंगावर आपली शाल टाकली. ती शाल मला अजून टोचते. त्यांना ती तीन श्वासांची शांतता सोसली नाही, मायेपोटीच सोसली नाही, आणि मला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की मी नसलो तरी काही अडत नाही. पुढच्या वर्षी मी डी.एड.ला गेलो.

"काय झालं हो?" पद्मजा विचारत होती.

"काही नाही. उद्या पाठ आहे या शब्दावर."

"तुमचा?" तिचे डोळे एवढाले झाले. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तिला सिद्धेश्वरचं कधी सांगितलं नव्हतं, पण मी कुठंही बोलत नाही हे तिला माहीत होतं.

"माझा होता. मी चिठ्ठी बदलून घेतली. हिरासिंग देणार आहे."

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "मग हे सगळं उद्या सकाळी त्यांना सांगा लवकर जाऊन. नळाचं, साडीचं, निवडणुकीचं. बोलतील बिचारे. चांगलं बोलतात का ते?"

ती टोमणा मारत नव्हती, निदान तसं तोंडावर तरी काही नव्हतं. पण माझ्या अंगात जे झालं ते मला आजवर झालं नव्हतं. मला हेवा वाटला. उद्या तो हिरासिंग, तो नाचरा माणूस, त्या शब्दाला हात लावणार, एकदाच पळवणार, टाळ्या घेणार आणि सोडून देणार. त्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही. माझा शब्द होता तो. डब्यात हात मी घातला होता.

सकाळी मी हॉल उघडायच्या आधी तिथं होतो. हिरासिंग आला तो पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट घालून.

"चिठ्ठी परत द्या."

"आता? अहो गुरुजी, पोराचे बूट मागून आणले म्या पळून दाखवायला. बोटं चेमटून राहिलीत."

"द्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, खिसा चाचपला, चिठ्ठी दिली. कोरी मी त्याला दिली. "तकलीफ झाली तर मागं बघा," तो म्हणाला, "मी हावो." मी म्हणालो, "मागं कुणी नको." हे मी जरा जोरातच म्हणालो असणार, कारण तो बुटांच्या नाड्या सैल करू लागला.

माझा नंबर चौथा आला. आधीच्या तिघांचं मी काहीच ऐकलं नाही. छातीत असं काहीतरी उड्या मारत होतं की मला ते भय आहे की आनंद आहे हे वेगळं काढता येईना. दोन्हीचा ठेका एकच असतो. नाव पुकारलं. मी उठलो, फळ्यापाशी जाण्याआधी चपला काढल्या, खाली वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि वर बघून, सहा वर्षांच्या तीस लेकरांना, त्यांतली निम्मी नाकात बोटं घालून बसलेली, हात जोडून म्हणालो, "सज्जनहो."

हॉल हशानं फुटला. मागच्या बाकांवर कुणी तरी बाक बडवला, साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला, रत्नपाल भिंतीशी तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. आणि पुढच्या रांगेतून एक लेकरू अगदी शांतपणे म्हणालं, "व्हय."

त्या 'व्हय'नं मला धरलं. बैठकीनं होकार दिल्याशिवाय कीर्तनकारानं पुढं जायचं नसतं, आणि होकार मिळाला होता. मी शब्द घेतला. साधा उच्चारला, बाजारात उच्चारतात तसा. रन. लेकरांनी झेलला, रन. ज्याला प्रशिक्षणात सामूहिक सराव म्हणत होते तो तर धृपद होता, मागच्यांनी पुढच्याची ओळ उचलायची, एवढंच! जरा बाजूनं म्हटला, रन. उचलला. हळू म्हटला, कानात सांगावा तसा. तीस लेकरं कुजबुजली. हिरासिंगनं चेष्टेत सुरुवात केली असेल, पण टाळी धरली ती बराबर समेवर, आणि हसता हसता चाळीस मास्तर टाळी देऊ लागले. "रन!" म्हणून मी हात वर केला आणि लेकरं उठली, हॉलभर पळाली, बाकांमधून, साहेबांच्या खुर्चीमागून, अनवाणी पायांचा तो थडथडाट पत्र्याखाली असा घुमला की मृदंगाला लाज यावी. मीही पळालो. सेहेचाळिसाव्या वर्षी, धोतर नाही, पॅन्टच होती, पण पळालो. मग "स्टॉप!" म्हणालो, आणि सगळं थांबलं.

आणि पुढचं वाक्य गेलं.

तेच. तसंच. ते तिथं होतं, मी बघत होतो, ते येत नव्हतं. लेकरं जिथल्या तिथं उभी, छात्या वरखाली होणाऱ्या, तोंडं माझ्याकडं. टाळी थांबली होती. चाळीस माणसांची शांतता वेगळी असते, तिला वजन असतं, ती माणसाच्या खांद्यांवर येऊन बसते. एक श्वास झाला. मला पंखा ऐकू येऊ लागला, त्याच्या एका पात्याचा कुरकुरणारा सूर. दुसरा श्वास झाला, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला दिसलं, रत्नपाल भिंतीपासून सुटला होता. हातात खडू होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिथं ती माया होती, मला पुरती ओळखीची, जी दुसऱ्याला एक क्षणही उघडं पडू देत नाही. तो दोन पावलं पुढं आला. तोंड उघडलं. तो माझं वाक्य बोलणार होता, जसंच्या तसं, आणि पाठ पुढं जाणार होता.

मी हात वर केला. त्याच्याकडं न बघता, तळहात त्याच्या दिशेनं.

तो थांबला.

आता शांतता माझी होती. तिसरा श्वास झाला आणि चौथाही, आणि काहीच कोसळलं नाही. कुणी उठून गेलं नाही. साहेब चष्मा हातात धरून बसून होते. चौथ्या श्वासाला मला कळलं की लोक वाट बघतायत. मी चुकलो हे बघायला नाही, पुढं काय हे ऐकायला. आणि सिद्धेश्वरच्या पारापुढं माशांच्या टोपल्या ठेवून बसलेल्या बायाही कदाचित अशाच वाट बघत असतील, अजून थोडा वेळ त्यांनी नक्की बघितली असती, पाच श्वास, सहा श्वास, कुणाला घाई होती त्या काळात? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेलेलं वाक्य काही आलं नाही. पण माझ्या अगदी पुढ्यात एक मुलगी उभी होती, कुणीतरी तिला सेवा म्हणून हाक मारली होती मघाशी. पळून तिचं नाक वाहत ओठावर आलं होतं आणि मी थांब म्हटलंय म्हणून ती बिचारी ते पुसतही नव्हती. मी गुडघ्यावर बसलो, खिशातला रुमाल काढला, तिचं नाक पुसलं. आणि अण्णा करायचे तसं अगदी साध्या आवाजात तिला सांगितलं, "नोज रन्स."

ती विचारात पडली. मग तिनं स्वतःच्या नाकाला बोट लावलं, मग माझ्या नाकाला लावलं, कारण माझंही वाहत होतं, आणि म्हणाली, "गुरुजीचं बी."

आता सगळे हसले ते निराळं हसले. लेकरांनी ओळ उचलली, नोज रन्स, नोज रन्स, एकमेकांच्या नाकांना बोटं लावत, आणि टाळी पुन्हा सुरू झाली, ती कुणी सुरू केली मला माहीत नाही. घंटा वाजली. सहा मिनिटं झाली होती. मी उठलो, हात जोडले, चपला शोधू लागलो तर त्या सापडेनात.

शेरे देताना साहेब म्हणाले, "पाठ चांगला. आवाज चांगला. पण लिहून दिलेल्या टाचणाप्रमाणे झाला नाही. शब्दाचा एक अर्थ द्यायचा ठरलेला असताना दोन दिले." रत्नपाल उभा राहिला. "साहेब, दोनातच आटपलं हे नशीब समजा. गुरुजी घरून सत्तावन्न पाहून आलेत." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हात काहून दाखवला गुरुजी? घाबरलो ना मी." मी त्याची डिक्शनरी त्याला परत दिली आणि म्हणालो, "तू चांगला शिकवतोस रे. पण कुणी अडलं की लगेच उठू नको." त्यानं मान हलवली; त्याला किती कळलं कोण जाणे, आणि कळायची गरजही नव्हती.

चहाला आम्ही बाहेर लिंबाखाली उभे होतो. हिरासिंग बूट काढून हातात घेऊन अनवाणी उभा होता. बशीतला चहा संपवून त्यानं वरच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला. त्याच्या तांड्यावर पुढच्या महिन्यात सप्ताह बसणार होता, त्याची पत्रिका आजच छापायला द्यायची होती, सात दिवस, सात महाराजांची नावं. सहा लिहिलेली होती. पाचव्या दिवसाचे महाराज आजारी पडले होते आणि त्या दिवसापुढची जागा मोकळी होती.

"इथं कोणाचं लिहू, गुरुजी?"

"मला काय विचारता? कुणी चांगला बघा."

"तेच बघून राहिलो," तो म्हणाला आणि पेन्सिल घेऊन उभा राहिला. त्यानं नाव सुचवलं नाही, आग्रह केला नाही. दोन शिक्षक येऊन कप ठेवून गेले. वारा नव्हता. मला वाटलं, आता हा म्हणेल, राहू द्या, दुसरं बघू. तो तसं म्हणाला असता तर मी सुटलो असतो, आणि मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो, पण तो गप्पच होता. दोन तास. पेटी, मृदंग, तांड्यावरची सगळी माणसं, आणि मागं कुणी नाही. छातीत पुन्हा ते उड्या मारू लागलं.

मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, कागद त्याच्याच पाठीवर ठेवला आणि पाचव्या दिवसापुढं माझं नाव लिहिलं. अक्षरं ओळ सोडून वर चढत गेली. हिरासिंगनं वळून कागद पाहिला, वाचला, फुंकर मारून घडी केला.

"राहू द्या तशीच," तो म्हणाला, "छापणारा सरळ करंल."